सहाशे तीसवरचा साक्षीदार

१

दुपार कलली होती. नदीकाठच्या तळावर मामी चहाचं आधण ठेवत होत्या, आणि वरच्या उतारावरून धुराचा लोट उठला. मधल्या झाडीमुळे तळावरून तिथलं नकाशांचं खोपटं दिसत नसे. पण उतारावर जळण्यासारखं दुसरं होतं काय? आधण तसंच टाकून मामी धावत सुटल्या.

हा तळ होता नकाशे करणाऱ्यांचा. नदीकाठी ओल फार, कागद सादळत. म्हणून वर्षभर मोजून काढलेले नकाशाचे ताव वर, कोरड्या जागी, त्या गवती छपराच्या खोपट्यात ठेवलेले असत. मामी धापा टाकत तिथे पोहोचल्या तेव्हा छप्पर कोसळलं होतं, ताव राख झाले होते आणि समोर गवतावर त्यांचे यजमान, तळाचे प्रमुख, सगळ्यांचे नाना, बेशुद्ध पडले होते. शेजारी भाचा गुडघ्यांवर बसला होता. त्याचे दोन्ही तळहात भाजून सोललेले.

हा भाचा पोरका. मामींनीच त्याला लहानाचा मोठा केला, घास भरवले, मोजणीच्या कामाला लावला. त्याच्या हातांकडे मामींनी एकदा पाहिलं आणि त्यांना आदल्या संध्याकाळचं भांडण आठवलं. मामाभाच्यांचा आवाज तंबूबाहेर येत होता आणि शेवटी भाचा ओरडला होता, "मग जाळा ते ताव. जाळून टाका."

मामींनी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. भाच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "यानंच जाळलं."

२

तपासाला आल्या फौजदारीणबाई. अंगानं भरलेल्या, चालताना धाप लागणाऱ्या, हसऱ्या. जीभ लोण्याची आणि नजर सुईची. आईनं हातात घेतलेली वेणी आणि बाईंनी हातात घेतलेला तपास अर्धवट सुटत नाही, असं त्यांच्या चौकीवर म्हणत. नाना शहराच्या इस्पितळात होते. श्वास चालू होता, बोलणं नव्हतं. वरून निरोप असा, की भाच्याला उद्या सकाळी शहरात पाठवून द्या, प्रकरण सरळ आहे.

बाईंना 'सरळ' हा शब्द ऐकला की खाज सुटे. सरळ असतं ते ताणून धरलेलं असतं, असा त्यांचा अनुभव.

त्यांनी आधी भाच्याला बोलतं करायचा प्रयत्न केला. हात कसे भाजले? मामांना बाहेर ओढताना. तू तिथे आधी कसा पोहोचलास? खालच्या अंगाला काम करत होतो, धूर दिसला, पळालो. इथवर त्याची उत्तरं पटापट आली. मग बाईंनी विचारलं, भांडण कशावरून झालं? तिथे गाडी अडली. घरचं होतं, एवढंच तो म्हणाला. बाईंनी गोड विचारलं, दरडावून विचारलं, मामींचं नाव काढून विचारलं. भाच्यानं मान खाली घातली ती घातलीच.

"अरे, तुझ्या या मौनानं तू तुरुंगात जाशील," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे," भाचा म्हणाला.

बाई तंबूबाहेर आल्या. सोबतचे हवालदार म्हणाले, पोरगा पक्का आहे. बाई म्हणाल्या, पक्का आहेच, पण कशात पक्का, ते बघायचंय. गुन्हेगार भांडणाचं कारण नेहमी तयार ठेवतो. घरात हाताशी ठेवलेल्या काडेपेटीसारखं. याच्याकडे खोटंसुद्धा कारण नाही.

बाई मामींकडे वळणार, तेवढ्यात एक उंच, नीटनेटका माणूस समोर येऊन उभा राहिला. सांगायला जड जातंय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, असं त्यानं सुरुवातीलाच सांगून टाकलं. मग खाली बघत म्हणाला, "बाई, त्याला खोपट्यात शिरताना मी पाहिलंय."

३

या माणसाला तळावर सगळे 'रेशीम' म्हणत. नानांचा उजवा हात. त्याच्या हातची रेघ अशी मऊ आणि न थरथरता जाई, की नाना नव्या मुलांना म्हणत, बघा, रेशीम ओढतोय. जळालेल्या तावांपैकी या उताराचा ताव त्याचाच होता. मोजणी त्याची, रेषा त्याच्या. तसं त्यानं बाईंना हळहळत सांगितलंही.

तुम्ही कुठे उभे होता, या प्रश्नावर रेशीमनं जुना छापील नकाशा उलगडला. बाईंना नकाशातलं फारसं कळत नाही, असं बाईंनीच त्याला सांगितलं. (ते खरं नव्हतं. पण समजावून सांगताना माणूस सैल होतो, हे बाईंना कळत होतं.) रेशीम खुलला. छान मास्तर झाला असता तो.

या तपकिरी वळणावळणाच्या रेषा म्हणजे समोच्च रेषा, तो म्हणाला. एका रेषेवर जितक्या जागा, तितक्या सगळ्या एकाच उंचीच्या. रेषेवरून चाललात तर ना चढ ना उतार. रेषा ओलांडलीत की वीस मीटर वर, नाहीतर वीस मीटर खाली. रेषा दाटीवाटीनं आल्या की चढ अंगावर येणारा, लांब लांब असल्या की सुखाचा. इथे बघा, खोपट्यापासून वरपर्यंत सगळ्या सारख्या अंतरावर. म्हणजे उतार एकसारखा, तिरक्या ठेवलेल्या पाटासारखा.

"आणि रेषेवर नसलेल्या जागेची उंची?" बाईंनी विचारलं.

"ती अंदाजानं काढायची. हा तिठा बघा, वाट फुटते तो. खाली सहाशे वीसची रेषा, वर सहाशे चाळीसची, तिठा बरोबर मध्यावर. म्हणजे सहाशे तीस. मी तिथे उभा होतो. माझ्या या घड्याळात उंची दिसते; बघितलं, तर सहाशे तीसच."

मग त्यानं बोट तिठ्यावरून खाली सरकवलं. मधे काही आडकाठी नाही, खोपटं थेट नजरेखाली. भाचा आला, इकडेतिकडे बघितलं, आत शिरला, बाहेर आला आणि थोड्या वेळानं धूर निघाला. मी ओरडलो, पण वारा उलटा होता. एवढं सांगताना रेशीमचे डोळे भरून आले. ते अश्रू खरे होते, हे बाईंनी पाहिलं. कशाचे होते, ते मात्र त्यांना कळेना.

हवालदारांनी साक्ष लिहून घेतली. जागा, उंची, दिशा सगळं जागच्या जागी. असा साक्षीदार लाखात एक, ते म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या. "डोळ्यांसमोर आग लागलेली, आणि हा बाबा घड्याळात उंची बघतोय."

४

उतारावर आणखी एक माणूस त्या दुपारी होता. मेंढपाळ. मोजणीवाले कुरणात खुंट्या ठोकतात म्हणून त्याचं तळाशी वाकडं होतं. दोनदा त्यानं खुंट्या उपटून फेकल्याही होत्या. हवालदारांनी त्याला आणून बसवलं. मेंढपाळ बसला खरा, पण पाहुण्याला जेवण उशिरा वाढलं जावं, तशा चेहऱ्यानं.

त्याच्याशी हवालदारांचं जे बोलणं झालं, ते बाईंनी शेजारच्या तंबूतून ऐकलं. कुठे होतास? म्हशीच्या सावलीत. काय करत होतास? झोपलो होतो. खोपट्यात कोण गेलं? मला काय दिसणार, मधे म्हैस. धूर दिसला का? धूर दिसला, म्हशीच्या पाठीवरून वर आला.

"म्हैस कुणाची?" हवालदारांचा आवाज चढला.

"कुणाची म्हणजे? कुणाचीच नाही."

"मग आता कुठे आहे?"

"तिथेच आहे की. जाते कुठे?"

हवालदारांनी कपाळाला हात लावला. ते बाईंकडे आले आणि म्हणाले, हा गडी एकतर वेडा आहे नाहीतर आपल्याला वेडं समजतोय. मी सगळीकडे विचारून आलो. या खोऱ्यात कुणाकडे म्हैस नाही. मेंढ्या आहेत, गाढवं आहेत, औषधाला म्हैस नाही. हा खोटं बोलतोय, बाई. यानंच आग लावली नसेल कशावरून?

खोटं बोलणारा माणूस दुसऱ्याला पटेल असं काहीतरी बोलतो, हा साधा हिशेब. ज्यावर कुणीही हसेल असं खोटं कोण कशाला रचेल? आणि दुसरा साक्षीदार म्हणतो, मधे काही आडकाठी नाही. एकाच उतारावरची दोन माणसं. एकाला मधे म्हैस दिसते, दुसऱ्याला काहीच नाही.

त्यांनी मेंढपाळाला बाहेर बोलावलं. "बाबा, मला चालताना धाप लागते. पण तुझी म्हैस मला बघायचीय."

मेंढपाळानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "चला. पण सावकाश चला, मला तुम्हाला उचलता यायचं नाही."

हवालदार दचकले. बाई मात्र पदर खोचून हसल्या आणि निघाल्या.

५

चढण वळसे घेत होती. बाई दर वळणावर थांबत, घाम पुसत, देवाचं नाव घेत आणि पुन्हा निघत. तिठ्याची जागा आली. जमीन सपाट लागली, ओटा घातल्यासारखी. तिथून नदी दिसत होती, तळाचे तंबू दिसत होते, पलीकडचा रस्ताही दिसत होता. बाईंनी खोपट्याच्या दिशेला नजर टाकली, मग चार पावलं डावीकडे जाऊन टाकली, मग उजवीकडे जाऊन टाकली.

हवालदार अजून खालच्या वळणावर होते. त्यांनी ओरडून विचारलं, की म्हैस आहे का.

"आहे," बाई वरून म्हणाल्या. "आणि चांगली दांडगी आहे. आता खाली जाऊन आपल्या रेशीमरावांना घेऊन या. मामींनाही आणा. त्या पोरालाही आणा. आणि निघताना रेशीमरावांना म्हणावं, तळाजवळच्या उंचीच्या दगडावर घड्याळ लावून घ्या. त्या दगडाची उंची पक्की कोरलेली आहे, घड्याळ चुकीचं होतं अशी नंतर तक्रार नको."

६

रेशीम सगळ्यांच्या शेवटी आला. शेवटच्या वळणावर तर तो झुडपं धरत, भिंतीला चिकटलेल्या पालीसारखा कडेकडेनं सरकत होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा. ओट्यावर पोहोचताच तो मटकन खाली बसला. बाईंनी त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, दम खाऊ दिला. मग विचारलं, "हा तुमचा तिठा. बरोबर?"

त्यानं मान हलवली.

"घड्याळ काय म्हणतंय?"

रेशीमनं मनगट वळवलं. बघितलं. पुन्हा बघितलं. हवालदारांनी वाकून वाचलं. सहाशे बावीस.

"चुकलं असेल," रेशीम पुटपुटला. "हवेच्या दाबानं एखाददुसरा मीटर इकडेतिकडे..."

"एखाददुसरा मी सोडते. आठ कसे सोडू? त्या दिवशी इथे उभं राहून बघितलं असतंत तर सहाशे बावीस दिसलं असतं. तुम्हाला सहाशे तीस कुठे दिसलं, सांगू? टेबलावर. दोन रेषांच्या बरोबर मध्ये. तुमचं गणित बरोबर आहे, पण जमिनीला ते कुणी सांगितलं नव्हतं. ती इथे सहाशे वीसच्या थोडी वर आली, ऐसपैस पसरली, आणि मग त्या मागच्या कड्यानं एकदम उभी राहिली. नकाशावर काय दिसणार? खाली एक रेषा, वर एक रेषा. मधल्या जागेत देवानं काय घडवून ठेवलंय, ते रेषा सांगत नाहीत. त्याला पायांनी यावं लागतं."

रेशीमनं बाही ओढून घड्याळ झाकलं.

"बरं, उंची जाऊ दे. मला खोपटं दाखवा. जिथे भाचा शिरताना दिसला ते."

आता सगळ्यांनीच खाली पाहिलं. ओट्याच्या खाली, उताराच्या मधोमध, काळ्या खडकाचं एक टेकाड बसलेलं होतं. पाठ गोल, मान खाली घातलेली, अगदी रवंथ करणाऱ्या म्हशीसारखं. खालून पाहिलं, तर ते मागच्या उतारातच मिसळून जाई. त्याच्या वरून नदी दिसत होती, पण त्याच्या पायाशी, पलीकडच्या अंगाला असलेली खोपट्याची जळकी जागा पूर्ण झाकली होती.

मेंढपाळ शांतपणे म्हणाला, की आमच्यात त्या खोपट्याला म्हशीआडचं खोपटंच म्हणतात; मधे म्हैस आहे, हे मी पहिल्यापासून सांगतोय.

मामींनी बाईंकडे वळून विचारलं, एवढं मोठं टेकाड, मग नकाशात कसं नाही? बाईंनी त्यांना जवळ घेऊन सावकाश सांगितलं. टेकाडाचं बूड सहाशेच्या रेषेच्या वर आहे आणि माथा सहाशे वीसच्या खाली आहे. म्हणजे आख्खी म्हैस दोन रेषांच्या मधे बसलीय. तिच्या अंगावरून एकही रेषा जात नाही. जुना नकाशा करणाऱ्यांनी ती सोडून दिली. म्हणूनच तर नव्यानं मोजणी करायची होती, पायांनी चालून, असली राहिलेली टेकाडं टिपायला. आणि या उताराची मोजणी कुणाकडे होती?

सगळ्यांच्या नजरा रेशीमकडे गेल्या.

"वर्षभर या उतारावर काम केलेल्या माणसाला म्हैस माहीत नाही," बाई म्हणाल्या. "ती माहीत असती, तर 'इथून खोपटं दिसलं' हे खोटं त्यानं रचलं नसतं, दुसरी जागा निवडली असती. म्हणजे या एका वाक्यात दोन गोष्टी कळतात. त्या दुपारी हे इथे नव्हते. आणि त्या दुपारीच काय, कधीच नव्हते. यांनी जुना नकाशा समोर ठेवला आणि बसल्या जागी नव्या रेषा ओढल्या, रेशमासारख्या. हे उघडं पडू नये म्हणून ताव जळणं एकाच माणसाच्या सोयीचं होतं."

वाऱ्यानं गवत हललं. रेशीमनं दोन्ही हातांनी जमीन घट्ट धरली होती.

"मला चढणीवर भोवळ येते," तो अखेर म्हणाला. "लहानपणापासून. खोपट्यापर्यंत कसाबसा जायचो, त्याच्यावर कधीच नाही. नानांना कसं सांगणार होतो? ते सगळ्यांना माझ्या रेघा दाखवायचे." मग त्यानं बाकीचं सांगितलं, तुटक तुटक. त्या दिवशी नाना काठी घेऊन वर गेलेले त्यानं पाहिले. ते या उताराला निघालेत, म्हणजे आता तावाचं खोटं उघडं पडणार, हे त्याला कळलं. 'जाळा ते ताव' हे त्यानंही आदल्या संध्याकाळी ऐकलं होतं. "नाना परत येऊन आत झोपलेत, हे माहीत नव्हतं. आई शप्पथ माहीत नव्हतं. आग लावली आणि आतून खोकल्याचा आवाज आला."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग मी पळालो."

बाईंनी डोळे मिटले. ताव जाळले त्याची सजा कायदा देईल, त्यांच्या मनात आलं; पण तो खोकला ऐकून उचललेलं पाऊल, त्याचं उत्तर याला वरच्या दारात द्यावं लागणार. त्यांनीच त्याला हात देऊन उठवलं आणि उतरताना भोवळ येऊ नये म्हणून त्याचा दंड धरून खाली नेलं.

७

इस्पितळाची खोली लहान होती. नाना शुद्धीवर आले होते. घसा भाजल्यामुळे बोलणं कुजबुजीइतकंच. बाई दाराशी टेकून उभ्या राहिल्या. त्यांना एक गोष्ट अजून कळायची होती, आणि ती कळल्याशिवाय त्यांना झोप आली नसती.

ती नानांनीच सांगितली. पोरगा सहा महिने मला सांगत होता, नाना म्हणाले. मामा, या तावावर ते टेकाड नाही, एकदा चला, बघा. मी त्याला म्हटलं, तुला रेशीमचा हेवा वाटतो. भांडण तेच होतं. खोट्या तावांवर सही करणार असाल तर मग जाळाच ते, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी राग गेल्यावर मी गेलो आणि पाहिलं.

मामी पलंगाच्या पायाशी बसल्या होत्या. भाचा खिडकीजवळ उभा, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. मामींनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढंच होतं तर बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर मामांनी न बघता ताव मान्य केले, हे सगळ्यांना कळलं असतं. ते तिकडे बेशुद्ध. उत्तर द्यायला उठणार होते थोडेच?"

"आणि तू चोर ठरलास, ते चाललं?"

भाचा हसला. "मामांचं नाव बाहेरच्यांत आहे, मामी. मला काय, मला जाळणारा म्हणणाऱ्या तुम्ही तर घरच्याच."

मामींना हुंदका आवरेना. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, डबा उघडला, खिडकीजवळ गेल्या. त्याला चमचा धरता येत नव्हता. त्यांनी घास केला, फुंकर घातली आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"मामी, मी मोठा झालो आता."

"गप. आ कर."

बाईंनी दार हळूच ओढून घेतलं.